पन्नासवर आणलेली टाकी

विमल : मामंजी, मोजा काढा.

सदाशिवराव : तू सामान बांध, सूनबाई. भोपाळची गाडी कुणासाठी थांबत नाही.

विमल : एकाच पायात मोजा कशाला?

सदाशिवराव : दुसरा सापडला नाही.

विमल : काढा म्हणते ना... हे तर भाजलंय. कधी?

सदाशिवराव : परवा, अंघोळीला. बादलीत पाय घातला, कढत आहे हे कळलंच नाही. साखरेच्या बीमारीनं पाय बधिर झालेत, डॉक्टर म्हणालेच होते. कातडी सुटली तेव्हा पाहिलं.

विमल : आणि सांगितलं नाहीत.

सदाशिवराव : मधूला कळलं असतं, तर रजा टाकून आला असता. मध्यभारत मोडला, कचेरी भोपाळला गेली. नव्या राज्यात पहिल्याच महिन्यात रजा? अठ्ठेचाळीसात आमचं दरबारचं खातं मोडलं, तेव्हा मला इंदूरला बोलावत होते. मी हट्टानं हे लष्कर शहर सोडलं नाही. तेव्हापासून घरीच आहे. त्याचं तसं नको व्हायला.

विमल : पाय पाटावर ठेवा, मलम लावते. मग त्या गरम पाण्याच्या टाकीकडे बघते.

सदाशिवराव : हात लावू नकोस, विजेची आहे.

विमल : मेन बंद केलाय. मिस्त्रीनं दाखवलं होतं, झाकणाखाली स्क्रू आहे. बघा, काटा ऐंशीवर. पन्नासवर आणते.

सदाशिवराव : मग एका बादलीतच गार पडेल.

विमल : आमच्यामागे तुम्हाला लागणार किती? एकच बादली.

(विमल टाकीचं झाकण परत बसवते.)

विमल : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सदाशिवराव : खरं तेच बोललीस.

विमल : आत अजून आधीचंच कढत पाणी आहे. त्यावरच शिका. आधी गार घ्यायचं, मग गरम.

सदाशिवराव : आम्ही जन्मभर गरमात विसण घालत आलो.

विमल : आता उलटं. आणि कोपर बुडवून बघायचं.

सदाशिवराव : तान्ह्या पोरासारखं?

विमल : दोन्ही मुलांना मी तसंच न्हाऊ घातलंय. बुडवा.

सदाशिवराव : ...चटका बसतोय.

विमल : मग अजून गार घाला.

सदाशिवराव : आता ठीक. शिकलो. जा, टांगा आलाय.

विमल : परत पाठवते. उद्या घाईत विसराल, आणि पाय काही तुम्हाला सांगणार नाही. जखम भरेपर्यंत थांबते. यांना आजच पत्र टाकते.

सदाशिवराव : काय लिहिशील?

विमल : झालं ते. आणि मामंजींनाही घेऊन येते, म्हणून.

सदाशिवराव : मला विचारलंस?

विमल : आता विचारते. येता?

सदाशिवराव : ...तिथे आपल्यातलं कोणी आहे का?

विमल : शेजारी कृष्णराव आहेत. आपल्या जयेंद्रगंजातलेच, मुलाच्या तबादल्याबरोबर गेलेले. यांना रोज संध्याकाळी बुद्धिबळाला बसवतात.

सदाशिवराव : मधू हरत असेल. घोडा कधी नीट चालवताच आला नाही त्याला. मी बसेन त्यांच्याशी.