वेगळा वाटा

आरमोरीपासून आत आमचं गाव, आम्ही मासे धरनारे, बाप धरे, आजा धरे, मीबी धरतो, दुसरं काई येत नाई मले. गावाच्या बोडीत, म्हंजे लहान्या तलावात, आम्ही सारे मिळून जाळं ओढतो, मंग काठावर माशाइचे वाटे पडतात. एक जन पाठ फिरवून उभा राह्यते, दुसरा वाट्यावर बोट ठेवून विचारते हा कोनाचा, अन् पाठमोरा न पाह्यता नाव घेते. कोनी भांडू नये म्हनून. लय चांगली रीत, काय सांगू तुम्हाले, देवालेबी असा न्याय जमला नाई.

सुखदेव अन् मी एकाच डोंग्यावर राहू. लोकं म्हनत, जोडी हाय याइची. जोडीच होती, पन लोकाइले वाटे तशी नाई, नवरा-बायकोची असते तशी. तुम्ही विचारलं म्हनून बोललो, नाईतर हे तोंडातून निघालं नसतं. तर तो मंधात कामाले बाहेर गेला, आला तं पार वाळून आला. गडचिरोलीले नेऊन रक्त तपासलं, एड्स निघाला. आमची एसटी गावात यायच्या आधी बातमी गावात. कोनी सांगितलं ते आजवर मालूम नाई.

मंग वाटे पडले तं पाठमोऱ्यानं सुखदेवचं नावच नाई घेतलं. त्याचे मासे दूर, पळसाच्या पानावर. मी म्हनलो अरे काऊन, तं म्हने त्याचा हात लागला का जाळं बाटते. ज्या पान्यात सारं गाव अंग धुते तिथी त्याचा हात चालत नाई. मी माझा वाटा उचलला अन् त्याच्याच पानावर नेऊन ओतला. तवापासून आमचं दोघाइचं एकच पान. तो गेला त्याच्यानंतरबी माझं पान तिथीच, कितीक सालानं मले परत वाट्यात घेतलं.

मंग कोरोना आला, सारेच वाटे दूर, सारेच तोंड बांधून. मले तं हासू आलं, म्हनलो बसा आता पानावर. अन् सरपंच दवाखान्यातून बरा होऊन आला तं बाजा लावला, हार घातला. सुखदेव आला होता तं सख्ख्या भावानं कडी लावली. बिमारीलेबी जात असते, भाऊ. ताप मलेबी आला होता तवा, सारे तपासाले गेले, मी घरीच पडून राह्यलो. लोकं म्हनत अरे नाकातून घेतात, रक्त नाई घेत. पन तपास म्हनलं का मले ते पानच दिसते. मरनाले मी भेलो नाई, आताबी भेत नाई.

आता खोकला जाऊन नाई राह्यला, अंग उतरलं. गावातली आशाबाई, दवाखान्याचं काम पाह्यते ती, म्हनते, काका, रक्त तपासून घ्या, आता गोळ्या फुकट भेटतात, मानूस म्हातारा होऊन मरते. मी म्हनलो गोळीवर भरोसा हाय बाई, गावावर नाई. ती म्हने मी कोनालेच नाई सांगत. सुखदेवचंबी कोनीच नव्हतं सांगितलं.

सोमवारी येतो म्हनलो तिले. जाईन का नाई, मलेच मालूम नाई.

बरं, तुम्ही एवढ्या दुरून आले, बसून आयकलं, तुमचे लेकरं सुखी राहो. रिकाम्या हातानं जाऊ नका, सकाळचेच मासे हायत, ताजे. हातात देऊ, का पानावर ठेवू?