अर्धा-इंच बीसली

— नाही नाही, पेटी तिथे नका ठेवू मिस्टर ड्रमंड, त्या चादरीखाली लग्नाचा झगा आहे, शेजारच्या ऑड्रीच्या मुलीचा — हां, खाली ठेवा, जमिनीवर. मांजर हुंगेल, बाकी काही करणार नाही. लवकर आलात तुम्ही. सिरिल मला तीन म्हणाला होता. तो घरी नाहीये, ट्रेलर आणायला गेलाय. हो, ट्रेलर! बोट अजून मापली नाही, कागदावर तुमची सही नाही, शिडावर नंबर नाही — आणि साहेब ट्रेलर आणायला गेलेत, म्हणजे तुम्ही पेन खिशात घातलं रे घातलं की ही थेट पाण्यात. याला म्हणतात विश्वास. माझ्याशी लग्न करताना सुद्धा एवढा दाखवला नव्हता, आधी आईकडून पास करून घेतलं होतं. बसा ना. स्कोन घ्या. गरम आहेत, लोणी घ्या वरून, लाजू नका. क्लबचा मोजणी-अधिकारी रोज थोडाच येतो आमच्याकडे! मी सकाळपासून गॅरेज झाडतेय, जशी काही राणीच येणार आहे.

गॅरेज बघायचंय? चला, इकडून, धुण्याच्या खोलीतून. ती बाहेर उभी आहे ना, गंजलेली, ती आमची गाडी. दोन हिवाळे पावसात आहे बिचारी, कारण गॅरेजमध्ये बोट होती. बोटीला थंडी वाजते हो, गाडीला नाही. आराखडा पोस्टाने आला त्या दिवसापासून या घरात तिसरं माणूस राहायला आलंय म्हणा. जेवायच्या टेबलावर आराखडा, म्हणून आम्ही रविवारचं मटण मांडीवर ताटली घेऊन खायचो. बिछान्यात आराखडा. एकदा म्हणाला, मर्टल, बघ काय सुंदर रेघ आहे ही! मी म्हटलं आहे खरी, माझ्या कमरेची पण होती एके काळी. ऐकलं पण नाही त्याने. दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची पार्सलं तोलायची आणि घरी येऊन कोट न काढता थेट इथे यायचं. हात लावायची मात्र मला बंदी. तू शिवणकाम बघ म्हणे, हे सुतारकाम आहे, यात मापाला महत्त्व असतं. मापाला! आख्ख्या नेल्सन गावातल्या नवऱ्या मुली माझ्या टेपावरून जातात, एकीची शिवण उसवली नाही आजवर — आणि हा मला माप सांगतो.

— ही बघा. आली ना बरी? बोलायचं नसलं तर मान हलवा नुसती. रंग त्यानेच दिलाय, फिका हिरवा, माझ्या स्वयंपाकघराला आणलेला. उरला तेवढा स्वयंपाकघराला मिळणार आहे, म्हणजे एक खिडकी.

तुम्ही मोजायला लागा, मी आपली बडबडत राहते, माझ्याकडे लक्ष देऊ नका. टेपाचं ते टोक धरू का? नको? बरं, नियम असेल. तुम्ही नियमाचे पक्के, ते ठाऊक आहे मला. मला अजून एक गोष्ट ठाऊक आहे मिस्टर ड्रमंड, आता विषय निघालाच आहे तर — निघाला नव्हता, मीच काढतेय — सिरिलचं ते नाव कुणी ठेवलं ते. अर्धा-इंच बीसली. क्लबातली ती बक्षिसाच्या कपांची फळी त्याने फुकटात करून दिली, स्वतःच्या लाकडातून, आणि ती भिंतीतल्या कोनाड्यात अर्धा इंच आखूड पडली. पडली, मी कुठे नाही म्हणते? आमच्या कपाटाचं दार पण तसंच आहे, त्या फटीतून मांजर आत जाऊन माझ्या लोकरीवर झोपतं. कोंबड्यांच्या खुराड्याबद्दल तर विचारूच नका. पण तुम्ही सगळ्यांसमोर त्या फटीत बोट घालून दाखवलंत आणि बारसं केलंत. लोक खूप हसले म्हणे. सिरिल पण हसला. घरी येऊन मला सांगताना सुद्धा हसत होता, आणि त्यानंतर क्लबात आत जाऊन चहा प्यायला नाही कधी. बाहेर धक्क्यावर उभ्याने पितो. हवा चांगली लागते म्हणे तिथे! स्कोन आणू का अजून एक?

गेली कित्येक वर्षं हा माणूस तुमच्या शर्यतींना बंदूक उडवतोय. दर शनिवारी, उन्हात, वाऱ्यात, दक्षिणेचा गार वारा सुटला तरी. दुसऱ्यांनी शर्यत करायची आणि याने ठो करायचं. त्याला एकदा, एकदाच, बंदुकीच्या पलीकडच्या बाजूला असायचंय. नव्या वर्षाच्या शर्यतीत उतरायचंय, त्याची नावं घेणं आज संध्याकाळी बंद होतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं, पाटी तुमच्याच हस्ताक्षरातली आहे. आणि पुढच्या बाजूला मी बसणार आहे. हसा, हसा. वजनाची काही अट नाही, मी नियम वाचलेत. त्याने मला विचारलं तेव्हा आराखड्यावरून डोकं सुद्धा वर केलं नव्हतं — मर्टल, छोटं शीड कुणीतरी सांभाळायला लागेल, तू येशील? मी म्हटलं बघते, झगे बरेच आहेत हातात. आणि लगेच टाहुनानुईच्या किनाऱ्यावर जाऊन पोहायला सुरुवात केली, या वयात. त्याला सांगितलं नाही. त्याला वाटतं मी बहिणीकडे जाते.

लांबी बरोबर आहे ना? मी म्हटलंच. उंची? बघा! तुमचा चेहरा पडला थोडा, की उजेड कमी आहे इथे? मागची फळी पण बरोबर येईल. रुंदी राहिली. रुंदी तर डोळे मिटून मोजा तुम्ही. शपथेवर सांगते, रुंदीत तुम्हाला केसाएवढा फरक सापडणार नाही. कसं काय ते विचारू नका. मी सांगणार नाही.

— आता एवढं विचारताच आहात तर सांगते, पण हे या गॅरेजच्या बाहेर जाता कामा नये. तुम्हाला शपथ आहे. आत त्या उभ्या चौकटी आहेत ना, ज्यांच्यावर हे प्लायवूड बसवलंय, त्या गेल्या हिवाळ्यात इथे उलट्या उभ्या होत्या, नुसत्या, मेंढीच्या फासळ्या राहतात तशा. मी कपडे वाळत घालायला आले होते आतल्या दोरीवर, पाऊस होता. आराखडा भिंतीला टाचलेला. मी सहज बघितला. आता मला बोटीतलं कळत नाही, पण कागद कळतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, सगळी मापं बाहेरच्या अंगाची. बाहेरच्या! म्हणजे प्लायवूड धरून. आणि या पठ्ठ्याने आतल्या चौकटीच त्या मापाला कापलेल्या. म्हणजे कसं, की अस्तर कोटाएवढंच बेतलं आणि मग वरून कोट चढवला. इकडून पाव इंच, तिकडून पाव इंच, झाली किती जास्त? अर्धा इंच! मला तिथेच बादलीवर बसावं लागलं. म्हटलं देवा, दुसरा कुठला आकडा नव्हता का तुझ्याकडे?

सांगायला हवं होतं त्याला, हो ना? तुम्ही सांगितलं असतंत. तुम्ही तर बोट घालून दाखवलं असतंत. मला नाही जमलं. त्या आठवड्यात तो शीळ घालत फिरत होता घरात. मग तो पोस्टात गेल्यावर मी दार लावलं, माझ्या खडूने प्रत्येक चौकटीवर कडेपासून पाव इंच आत रेघ मारली आणि त्याचाच रंधा घेऊन त्या रेघेपर्यंत काढलं. तळाच्या कडा तशाच ठेवल्या, तिथे त्याने प्लायवूडची जाडी सोडली होती बरोबर, देव जाणे कसं — बाजूंनाच विसरला होता. पहिल्या चौकटीला सारखी दाराकडे बघत होते, पाचव्या चौकटीला मी गात होते. सगळ्या ढलप्या गोळा करून कपडे उकळायच्या चुलीत घातल्या. आणि ताज्या रंधा मारलेल्या कडा पांढऱ्या दिसतात ना, म्हणून गार चहाच्या पाण्याने पुसून काढल्या. बघा, चोराला सुचणार नाही ते मला सुचलं! त्याला कळलं नाही. काहीही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात प्लायवूड चढवलं त्याने, मी हुश्श केलं आणि परत रंध्याला हात लावला नाही. म्हणून म्हणते, रुंदी बरोबर आहे. हे माझ्या आणि तुमच्यात. आणि त्या ढलप्या म्हणजे पीठ सांडल्यासारखं असतं हो, कितीही झाडा — लगेचच्या सोमवारी धुण्याला आले तर बाकाखाली परत मूठभर सापडल्या. म्हटलं मर्टल, म्हातारी झालीस, केर पण धड निघत नाही.

काय झालं? टेप अडकला का? घ्या, परत घ्या. टोक नीट धरा. मी म्हटलं होतं मी धरते.

किती? नाही, तुम्हाला जास्त म्हणायचंय. जास्त नाही? कमी? कमी कशी असेल मिस्टर ड्रमंड? जास्त होती, मी ती बरोबर केली, आता कमी कुठून येणार! लाकूड आकसतं असं म्हणू नका, मला येतं तेवढं. मधे मोजा. मधे पण?

अर्धा इंच.

थांबा. बोलू नका जरा. तसे तुम्ही कुठे बोलताय म्हणा — मीच — थांबा.

प्लायवूड चढवायच्या आदल्या रविवारी तो चर्चला आला नाही. सर्दी झालीय म्हणाला. सिरिल! जो ताप असताना भजनं म्हणायला पहिल्या रांगेत उभा राहतो. मी परत आले तर एक शिंक नाही, आणि माझ्यासाठी बटाटे सोलून ठेवलेले. सोललेले बटाटे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं सर्दी डोक्यात गेली. हाताला फोड आले होते, तर म्हणाला बटाट्याची सुरी बोथट आहे. आणि मी बोटाला मलम लावून दिलं हो त्याच्या. आणि बसायची ती आडवी फळी, ती त्याने आधीच कापून ठेवली होती, ती नंतर दोन्ही बाजूंनी मुकाट्याने आखूड केली. एक शब्द नाही. एरवी खिळा वाकला तर खिळे करणाऱ्याच्या सात पिढ्या काढतो.

त्याला कळलं होतं. आपलं आपण कळलं होतं त्याला. कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं त्याने पण वाचली, आणि माझ्यापासून लपवून, मी भजनं म्हणत असताना, पाव इंच इकडून आणि पाव इंच तिकडून काढलं. आख्खी रुंदी परत न मोजता, पण नेमकं. तुम्हाला समजतंय का मी काय सांगतेय? आयुष्यात पहिल्यांदा त्याचं माप तंतोतंत आलं होतं. पहिल्यांदा! आणि मी त्याच्या आधी इथे येऊन, शहाणी, खडू घेऊन... चहाने पुसलं नसतं तर त्याला दिसलं तरी असतं. माझा भरवसा नव्हता, एवढंच. तुमच्यासारखाच माझाही नव्हता. तुम्ही निदान तोंडावर हसलात.

बाजूंना बाहेरून पट्टी मारली तर? नाही, पट्टी धरत नाहीत मापात, मी नियम वाचलेत ना. थोडी सूट असते पण एवढी नसते. हो, समजलं, नका दाखवू ते पान. बंद करा.

तो बघा, ट्रेलरचं चाक वाजतंय कोपऱ्यावर. त्या चाकाला तेल द्यायला हवं होतं.

ऐका, तुम्ही मागच्या दाराने जा. टोमॅटोच्या वाफ्यातून जा, तुडवले तरी चालतील. कागदावर काय लिहायचं ते लिहा, नापास लिहा, ते तुमचं काम आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याला तुम्ही सांगायचं नाही. मी सांगणार. आणि क्लबात कुणी विचारलं बीसलीच्या बोटीचं काय झालं, तर सांगायचं, सिरिल बीसलीचं माप बरोबर होतं. अर्धा-इंच बीसली ती त्याची बायको. मला तोंडावर हाक मारा त्या नावाने, मी ओ देईन. आणि बंदुकीला दुसरं कुणीतरी बघा यंदा, त्याला वेळ नाही. फळ्या उरल्यात, अजून एक बोट होईल त्यात, आणि या वेळी गॅरेजमध्ये दोघं एकाच वेळी असू.

टेप राहू द्या इथेच. नंतर पाठवते. उद्या पाठवते हो, खाणार आहे का मी तो? स्कोन घ्या खिशात एक. जा आता, तो फाटक उघडतोय — जा म्हटलं ना!