लाल लोकर बांधलेला गुलाब

बसा मंडळी, सावकाश बसा. पुढं जागा आहे. पुढं बसलेल्याला बुवा प्रश्न विचारतात अशी भीती गावभर पसरली आहे, म्हणून पहिली सतरंजी नेहमी मोकळी. भीती खरी आहे. मी विचारणारच आहे.

सकाळी हातात पिशवी घेऊन फिरायला जाणारे इथं कितीजण आहेत? हात वर करू नका. माना खाली गेलेल्या दिसल्या की मला पुरे... आणि दिसल्या! अहो, फिरणं पायांनी होतं, मग पिशवी कशाला? पिशवी लागते ती दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद, तगर, कण्हेर आपल्या देवासाठी आणायला. खड्डा आपण खणला नाही, खत आपण घातलं नाही, पाणी तर नाहीच नाही. आणि घरी येऊन डोळे मिटून म्हणायचं, ‘देवा, हे तुला अर्पण.’ देव विचारत असेल, ‘बाबा रे, ज्याचं आहे त्याला ठाऊक आहे का?’

तेव्हा आजचा प्रश्न हा, की दुसऱ्याच्या बागेतून न विचारता तोडलेलं फूल देवाला पोचतं की नाही? आणि पोचलंच, तर पुण्य तोडणाऱ्याचं की लावणाऱ्याचं? पेटीवाले म्हणतायत, निम्मं निम्मं. ह्यांच्या घरची वाटणी कशी झाली असेल ते कळलं! उत्तराची घाई करू नका. आधी गोष्ट ऐका.

भुसावळ गाव. आता भुसावळचा उन्हाळा मी काय सांगू? तिथं दुपारी मांजर आडवं जात नाही, पाय भाजतात. अपशकुनसुद्धा संध्याकाळवर ढकललेले असतात. नळ सोडला की चहाचं पाणी येतं, फक्त पत्ती टाकायची. अशा गावात वामनराव बेंडाळे, सगळी कॉलनी त्यांना अण्णा म्हणायची, रेल्वेच्या हापिसातून निवृत्त झाले आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की आपण दारात लॉन करायचं आणि गुलाब लावायचे. कधीतरी थंड हवेच्या ठिकाणी एका बंगल्यापुढं पाहिलं होतं म्हणे. मंडळी, माणसानं पाहावं, पण घरी येताना विसरावं!

लॉन केलं. उन्हानं ते पिवळं पडू नये म्हणून बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणली. घरातल्या माणसांना एक जुना कूलर, तोही खडखडणारा, आणि गवताला मांडव. लग्नघर वाटायचं. त्यात लव्हाळा उगवायचा. लव्हाळा कसा? वरून उपटा, खाली गाठ राहते, आठवड्यात पुन्हा हजर. अण्णा खुरपं घेऊन त्याच्यामागं असे बसायचे, की तेवढ्या चिकाटीनं आपण मनातला राग खुरपला असता, तर आज कीर्तनाची गरजच नव्हती. माझं पोट कसं भरलं असतं हा प्रश्न वेगळा.

फाटकावर पाटी: ‘गवतावर पाय ठेवू नये. फुलांना हात लावू नये.’ हा नियम कुणासाठी? सगळ्यांसाठी. तुळशीवृंदावन लॉनच्या मधोमध. आणि अण्णांची बायको, इंदुताई, तिलाही गवतावर यायची बंदी. मग ती माउली काय करायची? पायरीवर उभी राहून रबरी पाइपानं तुळशीला लांबून पाणी घालायची, आग विझवल्यासारखं. आणि प्रदक्षिणा? कुंपणाच्या कडेकडेनं, अख्ख्या लॉनला वळसा घालून! एका प्रदक्षिणेत तिची सकाळची रपेट व्हायची.

गुलाबांचं तर विचारू नका. दसरा झाला की पाणी तोडायचं, फांद्या छाटायच्या, बुंध्याला शेणखत द्यायचं, म्हणजे थंडीत फूल भरतं. एका दांड्यावर एकच कळी ठेवायची, बाजूच्या सगळ्या खुडायच्या. का? तर सगळा जोर एकाच फुलात यावा. आणि ते फूल कुणासाठी? देवासाठी नाही, बायकोच्या वेणीसाठी नाही. जळगावच्या गुलाब प्रदर्शनासाठी! दरवर्षी तिथं पहिलं बक्षीस वराडे डॉक्टरांना आणि दुसरं अण्णांना. दुसरं बक्षीस फार वाईट असतं मंडळी. तिसऱ्याला आनंद होतो, आपण बक्षिसांत बसलो म्हणून. दुसऱ्याला झोप लागत नाही.

पण त्या वर्षी अण्णांच्या बागेत एक कळी आली. सायीचा रंग, कडेला गुलाबी झाक, जशी लहान बाळाच्या कानाची पाळी. अण्णांनी पाहिलं आणि ओळखलं, की हीच ती. आता प्रदर्शनाचा नियम असा, की फूल अर्धं उमललेलं पाहिजे, मधला गाभा घट्ट पाहिजे. आमच्याकडं ऊन असं, की सकाळी कळी, दुपारी फूल, संध्याकाळी केरसुणीखाली. म्हणून फुलांचे शौकीन काय करतात, कळीला मऊ लोकरीचा सैल वेढा देतात, आणि तो थेट प्रदर्शनाच्या टेबलावर सोडतात. अण्णांनी इंदुताईच्या विणकामाच्या टोपलीतून लोकर घेतली. हाताला लागली ती लाल. बांधली. झालं! इथं गोष्टीला गाठ बसली.

कारण शेजारी राहायच्या मालतीकाकू फिरके. भाविक बाई. हातात आकडीची काठी. त्या काठीनं कॉलनीतली एकही जास्वंद त्यांनी सोडली नव्हती. पण अण्णांच्या गुलाबाला त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणायच्या, ‘तो माणूस बायकोवर ओरडत नाही एवढा फुलावरून ओरडतो. नको बाई.’

तर प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार. अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बूट चढवत होते. दहाच्या आत फूल जळगावला टेबलावर पोचवायचं, दारात गाडी सांगितलेली. आणि त्याच वेळी मालतीकाकू घाईघाईनं देवळाकडं निघालेल्या. त्यांच्या सुनेला पहाटेच दवाखान्यात नेलं होतं. बाळ आडवं आलंय, डॉक्टर काही नीट बोलत नव्हते. काकूंना देवीला कौल लावायचा होता. देवीच्या मुकुटावर फूल ठेवायचं, उजवीकडं पडलं तर चांगलं, डावीकडं पडलं तर काळजी. पण त्या दिवशी हातात फूल नाही, आकडी घरी राहिली, जीव थाऱ्यावर नाही. चालता चालता कुंपणातून नजर गेली, आणि थांबल्या.

गुलाबाला लाल दोरा!

आता काकूंचं माहेर यावलकडचं. तिथं वेलीला पहिलं दोडकं धरलं, झाडाला पहिलं सीताफळ धरलं, की त्याला लाल दोरा बांधायचा. म्हणजे हे देवीला बोललेलं, घरात कुणी खायचं नाही. काकूंच्या मनात आलं, अण्णांनी पहिलं फूल बोललं आणि विसरले. उमलायला आलंय! झाडावर गळलं तर नवस बुडायचा! मला देवीची गरज, त्यांना देवीची आठवण नाही, आईनंच मला इथून आणलं. पाटी वाचली का? वाचली. पण देवाच्या कामाला निघालेल्या बाईला पाटी लागू होते का? इथं बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा. काकू फाटक उघडून लॉनच्या मधून सरळ गेल्या, फूल खुडलं, सरळ परत आल्या.

दुसरा बूट घालायचाही धीर नाही, अण्णा कात्री आणि पाण्याची बादली घेऊन बाहेर आले. बघतात तर नुसता दांडा.

मंडळी, त्यांचं तोंड मी करून दाखवत नाही, पुढं लहान मुलं बसलीत. खाली पाहिलं. लॉनवर दव, आणि दवावर पावलं! फाटकातून आत, आतून फाटकाबाहेर. ज्या माणसानं बायकोला गवतावर पाऊल टाकू दिलं नव्हतं, तो एका पायात बूट, एका पायात मोजा, अशा अवस्थेत स्वतःच्याच लॉनवरून धावत सुटला. रस्त्यावर ओली पावलं देवळाकडं. अण्णाही देवळाकडं. किती वर्षांनी? गुरव उठून उभाच राहिला.

आणि समोर देवी. मुकुटावर ते फूल. लोकर तशीच.

काकू म्हणाल्या, “या अण्णा. तुमचंच वाहिलंय. विसरला होतात ना?”

“काय विसरलो होतो?”

“बोललेलं फूल. दोरा बांधून ठेवलेलं. गळलं असतं हो झाडावर.”

“दोरा नाही तो, लोकर आहे.”

“असू दे. देवी काय दोरा आणि लोकर बघत बसते?”

अण्णा गुरवाकडं वळले. “ते फूल काढा आणि माझ्याकडं द्या.”

गुरव म्हणाला, “देवीच्या डोक्यावरचं कसं काढू? त्यात काकूंनी कौल लावलाय. पडेल तेव्हा पडेल. उजवीकडं पडलं तर प्रसाद म्हणून हातात देईन.”

“आणि डावीकडं?”

“डावीकडं अभिषेकाचं घंगाळ आहे.”

घंगाळात दूध, दही, मध, पाणी. त्यात गुलाब! अण्णांच्या अंगावर काटा आला. हळूच म्हणाले, “पंखा लावता का? उकडतंय.”

“मार्गशीर्षात?”

मग अण्णा उभे राहिले. हात जोडलेले, नजर फुलावर, पापणी हलत नाही. गुरुवारच्या पूजेला कॉलनीतल्या बायका जमू लागल्या. एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या, “बघितलंस का अण्णांना? किती तल्लीन!” अहो, असं ध्यान ऋषींना साधलं नसेल. आत नाम कुठलं चाललंय? ‘पड. उजवीकडं पड. उजवीकडं पड.’ आणि शेजारी काकू, डोळ्यांतून पाणी, ओठ हलतायत. अण्णांनी कान दिला. ‘आई, उजवीकडं. माझ्या पोरीला सोडव. उजवीकडं.’

पोरीला? अण्णांनी विचारलं, “काय झालं?” काकूंनी दोन वाक्यांत सांगितलं. अण्णा पुन्हा फुलाकडं बघू लागले. नाम तेच, ‘उजवीकडं पड.’ पण मंडळी, आता ते नक्की कुणासाठी चाललं होतं, हे त्यांना सांगता येईना.

एवढ्यात इंदुताई आली, हातात अण्णांचा दुसरा बूट. “अहो, गाडीवाला देवळापुढं येऊन केव्हाचा हॉर्न वाजवतोय.” तिकडं आरती सुरू, घंटा वाजली, आणि फूल हललं. डावीकडं कललं... लोकरीचं टोक मुकुटाच्या कळसाला अडकलं, फूल गर्रकन फिरलं, आणि पडलं उजवीकडं!

काकूंनी तिथंच उंबऱ्यावर डोकं टेकलं. गुरवानं फूल उचललं. काकू म्हणाल्या, “त्यांचं आहे, त्यांना द्या.” आणि फूल अण्णांच्या हातात आलं. एक ओरखडा नाही. गाभा घट्ट. गाडी दारात. वेळ शिल्लक. पहिलं बक्षीस हातात होतं मंडळी!

काकूंनी पदराचं टोक पुढं केलं. “अण्णा, एक पाकळी द्या. दवाखान्यात तिच्या उशाला ठेवते.”

आता अण्णांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. सगळ्यात बाहेरची एक पाकळी काढली तर परीक्षक चालवून घेतात. दिली. काकू गेल्या धावत. तेवढ्यात दुसरा हात पुढं. “मला पण हो, गुडघ्यासाठी.” दुसरी गेली, पहिलं बक्षीस गेलं. “माझ्या मुलाच्या मुलाखतीसाठी.” तिसरी गेली, दुसरं बक्षीस गेलं. “अण्णा, आमच्या सासूबाईंना.” चौथी गेली आणि प्रदर्शनच संपलं.

आणि मग गंमत झाली. हिशेब संपल्यावर हात सुटला! मागितलं नाही त्यांनाही अण्णा द्यायला लागले. गुरवाला दिली. बाहेर जाऊन गाडीवाल्याला दिली. तो म्हणाला, “हे काय, भाडं?” रस्त्यानं दूधवाला चालला होता, त्याला थांबवून दिली. आणि परत आले तर इंदुताई तशीच उभी. बूट खाली ठेवला होता, ओंजळ पुढं होती.

अण्णा म्हणाले, “तुला कसली अडचण?”

ती म्हणाली, “अडचण काही नाही. तुमच्या बागेतलं एकदा हातात घेऊन बघावं म्हटलं.”

गाभा शिल्लक होता. अण्णांनी लोकर सोडली आणि गाभा तसाच्या तसा तिच्या ओंजळीत ठेवला. तिथं तो उमलला. प्रदर्शनासाठी त्यांनी कुठलंच फूल कधी पूर्ण उमलू दिलं नव्हतं. वास कसा असतो, ते त्यांनाही तेव्हाच कळलं.

काकूंची सून सुखरूप सुटली, मुलगी झाली. नाव गुलाब ठेवलं का? नाही हो, तसं नाटकात ठेवतात.

अण्णा जळगावला गेलेच, गाडी सांगितली होती ना! वराडे डॉक्टरांनी विचारलं, “काय अण्णा, यंदा हात रिकामे?”

“वाटून टाकलं.”

“पण एकच फूल होतं म्हणे.”

“फूल एकच होतं,” अण्णा म्हणाले, “पाकळ्या पुष्कळ निघाल्या.”

आता सांगा मंडळी, ते फूल देवीला पोचलं केव्हा? काकूंनी मुकुटावर ठेवलं तेव्हा? नाही. तेव्हा ते नुसतं मूर्तीवर होतं, आणि अण्णांच्या जिवाला लागलेलं होतं. दुसऱ्याच्या तळमळीसकट आणलेलं फूल देवाच्या डोक्यावर बसतं, देवापर्यंत जात नाही. ज्या घडीला अण्णांच्या बोटांनी आपण होऊन पाकळी सोडली, त्या घडीला ते पोचलं. आणि पुण्य कुणाचं म्हणाल, तर ज्याला त्या पुण्याचा हिशेब सुचला नाही, त्याचं.

काकू काय करतात आता? आता त्या विचारून फुलं नेतात. रोज पहाटे बेल वाजवून. अण्णा म्हणतात, ‘चोरी परवडली, झोप तरी व्हायची.’ पण उठतात, आणि स्वतःच्या हातानं खुडून देतात.

तर पिशवीवाल्यांनो, उद्या सकाळी कुंपणाशी थांबलात की बेल दाबा. आणि पाटीवाल्यांनो, तुम्ही हसलात ते मी बघितलं. बेल वाजली की आतून ‘कोण आहे’ म्हणून खेकसू नका. दार उघडा. फुलासाठी आलेल्या माणसाच्या घरी काय चाललंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं. त्याच्या पाठीशी उभी असलेली देवी माउली जाणून असते. तिचं नाव घ्या, आणि दाराची कडी काढा.