पहिलं झबलं

दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंचे डोळे वहीवर होते आणि कान समोरच्या बाकावर. तिथे एक आजोबा तीन वर्षांच्या नातीला घेऊन बसले होते; ती तिथली जुनी पुस्तकं रचत होती. शेजारी मनगट सुजलेली शिंपीणबाई. तिने विचारलं,

"पोर तर ठणठणीत दिसते. तुम्हाला काय होतंय, आजोबा?"

"मला नाही हो, हिलाच. गेल्या वर्षी स्वच्छ म्हणायची, 'मी केलं', 'बाबा गेला'. आता म्हणते, 'मी करलं', 'बाबा जाला'."

"अहो, मग?"

"मग काय! येत होतं ते विसरायला लागली. हिच्या आजीचं असंच सुरू झालं. आधी शब्द गेले, आता माणसं चाललीत."

"आजी बोलतात किती?"

"दिवसाकाठी चार वाक्यं."

"आणि ही?"

"हिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं!"

"मग विसरतेय कुठली! बसलं, हसलं, तसंच करलं. बरोबर मापाने बेतलंय की. इतके दिवस तुमच्या तोंडच्या शब्दांचे तयार कपडे घालून मिरवत होती, आता स्वतः शिवायला बसलीय. पहिलं झबलं वाकडंच होतं. माझंही झालं होतं."

"आजोबा, बघा ना! मी पुस्तकांचं घर करलं!"

"नंबर सात!"

आजोबा उठले आणि बाकाखालून नातीची चप्पल काढली.

"बाई, आमचा नंबर यांना द्या. हात दुखतोय त्यांचा."

"आजोबा, डॉक्टरकडे नाही जायचं?"

"नाही. घरी जायचं. आजीला सगळं सांग, आज काय काय करलंस ते."