सत्यभामाबाई, बसा

पंच्याऐंशी सालचा उन्हाळा. कचेरीच्या खिडकीपुढच्या लाईनीत माझ्यापुढे कोंढा गावच्या दोघी उभ्या होत्या, म्हातारी सत्यभामाबाई आणि तिची शेजारीण पुष्पा. आतला बाबू खेकसला, “ए बुढे, मांगं सरक.”

“सरकतो, बापा.”

“कसा बोलते व मावशी हा.”

“पयले इथं एक मोठे बाबू होते. कचेरी उघडाच्या आंधी नव्या बाबूले खिडकीत बसवत अन् सोता बाहेर लाईनीत उभे राहत.”

“कायले?”

“डोक्याले दुपट्टा बांधून म्हणत, मी कास्तकार आहो, बोल माह्यासंग. नवा बाबू ‘ए’ म्हणाला का पुन्हा लाईनीच्या शेवटी जात. तो ‘या, बसा’ म्हणेपर्यंत.”

“तुमी पाह्यलं?”

“इश्वरचा बाप गेला, तवा सातबाऱ्यावर माहं नाव चढवाले मी सकाळीच येऊन बसली होती. मंग माहा नंबर आला. तो नवा बाबू कागद पाहून म्हणे, सत्यभामाबाई, बसा.”

“मंग?”

“लग्न होऊन आली तवापासून माहं नाव कोणी घेतलंच नोतं. पयले गोमाजीची बायको, मंग इश्वरची माय.”

“काम झालं?”

“त्याच दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आली.”

“काहून?”

“म्हटलं, बाबू, कागदावर नाव बरोबर आहे का, वाचून पाहा.”

“वाचलं त्यानं?”

“वाचलं. मी म्हटलं, ऐकू नाही आलं.”