पूल त्यांचा, चावी माझी

नाही नाही, आधी ऐकून घ्या आणि मग हसा! मी नाहीच म्हणणार होतो! तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं कॉलेजचं स्टोअर सांभाळतोय, खडूपासून खुर्चीपर्यंत सगळं माझ्या कुलपात, आणि माझ्याकडून पहिल्या फटक्यात 'हो' ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. पोरं मला 'नाहीकाका' म्हणतात. तोंडावर म्हणतात! आणि मी ओ देतो!

तर आमच्याकडे अल्पसंख्याक मुलांचा एक वर्ग चालतो, परराष्ट्र सेवेच्या तयारीचा. पाच पोरं. घरात एक भाषा, बाहेर दुसरी, आडनाव सांगितलं की समोरचा हमखास विचारणार, "मूळचे कुठले हो?" अहो, कुठले म्हणजे काय, इथलेच! आणि ही पोरं उद्या देशाच्या वतीने बोलणार... मी मनात म्हणायचो, बसायला धड बाक नाही आणि निघालेत राजदूत व्हायला! खुर्च्या? होत्या की! बारा नव्याकोऱ्या, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेल्या, माझ्याकडे. त्यांच्या बाई चार वर्षं मागत होत्या. मी दिल्या? छे!

त्या दिवशी बाई पुन्हा दारात. म्हटलं, आल्या. तर म्हणतात, "काका, आज खुर्च्या नकोत, तुम्ही हवे आहात. शेजारच्या देशाचे मंत्री व्हा. मुलं नदीवर पूल मागतील, तुम्ही नाही म्हणायचं. जो तुमच्याकडून हो काढेल त्याचं नाव मी राजधानीच्या प्रशिक्षणाला पाठवणार. जागा एकच आहे." आता बोला! जन्मभर शिव्या खाऊन जे केलं, ते आता मानानं करायचं! समोर कागदाचा झेंडा, पाण्याची बाटली... मी तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो!

पहिला आला, आकड्यांवर आकडे, पुलानं व्यापार किती वाढेल, अमुक टक्के, तमुक टक्के. नाही! दुसऱ्यानं डोळे वटारले, "महोदय, परिणामांना तुम्ही जबाबदार असाल!" अरे, मला प्राचार्यांनी डोळे वटारून झालेत, तू कोण? नाही! तिसऱ्यानं इतकी स्तुती केली की मलाच लाज वाटली. तरी नाही! चौथा तर पाठ केलेलं मध्येच विसरला, रडायच्या बेतात. वाईट वाटलं हो... पण नाही!

मग ती आली. किडकिडीत, जाड चष्मा, आवाज असा की कान द्यावा लागतो. बसली. मला पाणी ओतून दिलं. आणि पूल मागितलाच नाही! म्हणाली, "महोदय, तुम्ही हो म्हणालात, तर घरी गेल्यावर तुमच्या लोकांना काय सांगाल?"

तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं! सगळे मागतात हो... दिल्यावर माझं काय होतं, हे कोणी विचारतं? मी मंत्रीबिंत्री विसरलो आणि खरं बोलून गेलो, "बाळ, काही तुटलं-फुटलं की वरचे मला धरतात. नाही म्हटलं की कोणी धरत नाही."

ती म्हणाली, "मग पुलाला फाटक लावू. फाटकाला कुलूप. चावी तुमच्याकडे. म्हणजे घरी जाऊन सांगता येईल, पूल त्यांचा असला तरी चावी माझी आहे."

चावी! माझा हात आपोआप खिशातल्या जुडग्याकडे गेला हो! मी नाहीच म्हणणार होतो, जिभेवर होतं, आणि तोंडातून आलं... "हो." वर उठून हातसुद्धा मिळवला! बाई टाळ्या वाजवतायत, तो चौथासुद्धा वाजवतोय!

म्हटलं, "पोरी, हे कुठं शिकलीस?" तर हसून म्हणाली, "काका, मी सात वर्षांची असल्यापासून आजीबरोबर पेन्शनच्या खिडकीवर जाते. आजीला इथली भाषा येत नाही. ती म्हणते, 'या मेल्याला सांग, तुझं वाटोळं होईल.' मी साहेबांना सांगते, 'आजी म्हणते, तुम्हाला फार काम आहे, आम्ही थांबतो.' साहेब म्हणतात, 'म्हातारीला घेऊन जा, डोकं नको खाऊ.' मी आजीला सांगते, 'ते म्हणतात, तुम्ही दमला असाल.' चौदा वर्षं झाली. दोघांनाही वाटतं, समोरचा फार सज्जन आहे."

सगळे हसले. मला हसू येईना. त्या खिडकीमागचा माणूस म्हणजे मीच की! आणि खिडकीबाहेर सात वर्षांची पोर, दोन भाषांच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडची अब्रू सांभाळतेय... हिला आम्ही काय तयार करणार? ही तयार होऊनच आली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टोअरच्या दारात. मी सावध! काहीही झालं तरी नाहीच म्हणणार होतो! म्हणते, "काका, त्या बारा खुर्च्या. वर्गाला कुलूप लावू. यादीवर सही तुमची, चावी तुमच्याकडे."

...प्लॅस्टिक मी स्वतःच्या हातानं काढलं.

तिचं नाव गेलं, तीही गेली राजधानीला. जाताना पाया पडली, माझे डोळे भरले, लपवत नाही. आणि वर्ग भरतो सकाळी साडेसहाला. चावी कोणाकडे? माझ्याकडे! म्हणजे पूल दिला मी, खुर्च्या दिल्या मी, आणि रोज पहाटे पाचला उठून दार उघडायला जातो तोही मीच... आणि तुम्हाला सांगतो, अजूनही वाटतं, त्या वाटाघाटीत जिंकलो मीच!