लेबल नसलेली पिशवी

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर कोणी देऊ नका — गेल्या वेळी दिलंत आणि आख्यान दहा मिनिटांत संपलं.

एक वस्तू आहे. चांगली आहे, खरोखर चांगली आहे. पण ती कुठून आली, कशी झाली, हे तुम्हाला सांगता येत नाही. ती दुसऱ्याच्या हातात द्यावी का?

यावर अभंग आहे. आमचे गुरुबंधू अच्युतबुवा यांची रचना. ताजी. इतकी ताजी की तिसरा चरण अजून त्यांच्याकडेच आहे. म्हणाले, तुम्ही उभे राहा, आख्यान संपायच्या आत पाठवतो. म्हटलं, बरं. शिंत्रेकाका, फोन पेटीवर उघडा ठेवा.

मागून आणिले । ठेविले झाकोन ।
चाले ते म्हणोन । मिरविले ॥

कोणाचे कुठले । पुसता साचार ।
झाले निरुत्तर । मुख माझे ॥

आणि मग — येईल. आपण पुढे जाऊ.

इचलकरंजीत सुहृदा नेर्लेकर नावाची बाई. दिवसा कंपनीत नोकरी, उरल्या वेळात एक सॉफ्टवेअर लिहायची. मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे कोणीही घ्यावं, उघडून बघावं, फुकट वापरावं आणि वर चुका काढाव्यात. अन्नछत्रासारखंच. तिथेही मीठ कमी म्हणणारा भेटतोच.

नाव 'मागोवा'. काम काय? समजा, संगणकावरून एक मागणी निघाली. ती एका ठिकाणी जात नाही; पाच-सहा यंत्रांच्या दारांतून जाते. मध्येच हरवली तर कुठे हरवली, कोण सांगणार? म्हणून निघतानाच तिच्या कपाळावर एक आकडा लावायचा. प्रत्येक दारानं त्या आकड्यापुढे लिहायचं — इतक्या वाजता आली, इतक्या वाजता गेली. शेवटी सगळ्या नोंदी एकत्र लावल्या की वाट दिसते.

अवघड भाग लिहिण्याचा नाही. तो आकडा एका दारातून दुसऱ्या दारात न सांडता नेण्याचा. ते काम सुहृदाचं नव्हतंच. ते करत होता अचलपूरचा जयवंत डोंगरदिवे. त्याच्या सॉफ्टवेअरचं नाव 'दुवा'. आणि दुव्याची जी आवृत्ती हिला हवी होती, ती त्यानं प्रसिद्ध केलेली नव्हती. उघड्यावर लिहीत होता, रोज बदलत होता, पण 'झालं, घ्या' असं म्हणाला नव्हता.

मग हिनं काय केलं? या धंद्यात सगळे करतात तेच. त्याचं अर्धवट लिखाण उचललं, आपल्या लॅपटॉपवर बांधलं, म्हणजे त्याची चालती फाईल केली, ती लॅपटॉपच्या कोठारात — यंत्र लागणारं सामान आधी जिथे शोधतं तिथे — ठेवली आणि त्यावर मागोवा उभा केला. उभा राहिला! सुरेख चालला. सूचनांच्या पानावर तिनं लिहिलं: ही एक आज्ञा द्या, मागोवा तयार होईल.

दुवा आपण स्वतः बांधून ठेवलाय, हे मात्र ती विसरली. अकरा महिने विसरली. कोठारातून रोज मिळत होता ना! जे रोज मिळतं ते कुठून येतं हे कोण विचारतं? इथे बसलेल्यांपैकी कितींना ठाऊक आहे, घरच्या पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? — हात खाली करा तात्या, तुम्ही प्लंबर आहात.

आता चला मराठवाड्यात. तिथे आठ गावांच्या रक्तपेढ्यांनी एकमेकींना जोडलं. आपल्याकडे हवा तो गट नाही, तर संगणकावर मागणी टाका. ज्या गावात आहे तिथून पिशवी निघेल. चांगली सोय. पण काही मागण्या निघायच्या आणि पोचायच्याच नाहीत. पाठवणारा म्हणतो पाठवली, घेणारा म्हणतो आली नाही. दोघंही खरं बोलतात. एक बाळंतीण तर केवळ कोणाला तरी फोन करायचं सुचलं म्हणून वाचली. पेढ्यांच्या समितीनं सांगितलं: सोमवारी अकराच्या आत मागण्या कुठे हरवतात ते दाखवा, नाहीतर हे सगळं बंद, पुन्हा फोनाफोनी.

हे काम अंगावर पडलं हसीना अत्तारच्या. रक्तपेढीत तंत्रज्ञ, संगणकाचं गरजेपुरतं शिकलेली. फोनाफोनीच्या दिवसांत एका पिशवीला किती तास लागायचे, ते तिनं पाहिलं होतं. तिला मागोवा सापडला. शुक्रवारी तिनं सुहृदाला विचारलं, चालेल का? सुहृदानं कळवलं, तयार आहे, एकच आज्ञा आहे.

शनिवारी सकाळी हसीनानं आज्ञा दिली. यंत्र म्हणालं: दुवा सापडत नाही.

तिनं फोन लावला. सुहृदा म्हणाली, "माझ्याकडे तर चालतंय."

मंडळी, हे या लोकांचं मंगलाचरण आहे. प्रत्येक अनर्थाच्या आधी म्हणतात.

पण हसीनानं पडद्यावरच्या ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या, तेव्हा सुहृदानं आपलं कोठार उघडून पाहिलं. अकरा महिन्यांपूर्वीची ती दुपार आठवली. तिनं जयवंतला गाठलं. तो म्हणाला, तेव्हापासून मी दुव्याची अर्धी मोडतोड केलीय. तू कोणत्या दिवसाचा घेतला होतास? तिला माहीत नव्हतं. प्रसिद्ध कधी करणार? झाला की करीन. आणि शांतपणे म्हणाला, "त्यावर घर बांध असं मी कधी म्हटलं होतं का?"

म्हटलं नव्हतं. — शिंत्रेकाका, काही आलं? नाही? असू द्या.

मग सुहृदानं सोपा मार्ग काढला. लॅपटॉपवर बांधलेला दुवा होताच. तीच फाईल उचलून पाठवायची. हसीनाला म्हणाली, तुमच्या कोठारात नुसती ठेवून द्या, चालेल.

हसीना म्हणाली, "चालेल, ताई. पण यात काय आहे असं कोणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"आमच्याकडे लेबल नसलेली पिशवी आली ना, तर माझ्या सख्ख्या भावाचं रक्त असलं तरी ती चढवत नाही. टाकून देतो. रक्त वाईट असतं म्हणून नाही, ताई."

सुहृदाला राग आला. फुकट द्यायचं, सुट्टीच्या दिवशी द्यायचं, आणि वर लेबल? रागातच तिनं ते केलं, जे करायला ही माणसं घाबरतात. आपलं कोठार रिकामं केलं. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली — शहाणी होती, संत नव्हती. मग स्वतःच्याच पानावरची ती एक आज्ञा दिली.

तिचाच लॅपटॉप तिला म्हणाला: दुवा सापडत नाही.

तेव्हा तिला आणखी एक गोष्ट आठवली. अकरा महिन्यांत तिघांनी हीच तक्रार लिहिली होती. तिघांनाही तिनं 'माझ्याकडे चालतंय' असं उत्तर देऊन तक्रार मिटवली होती. राग गेला. त्याची जागा लाजेनं घेतली.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, म्हणून ते लवकर सांगतो. तिला मात्र लवकर करता आलं नाही. दुव्यात बदल केला की जयवंत त्याची एक नोंद ठेवायचा; त्या महिन्यातल्या अशा त्रेचाळीस नोंदी. एकेक घ्यायची, त्या दिवशीचा दुवा बांधायचा, मागोवा त्यावर उभा राहतो का बघायचं. पहिला नाही. दहावा नाही. विसावा उभा राहिला आणि पडला. रविवारी दुपारी सत्ताविसावा उभा राहिला, सगळ्या तपासण्यांत टिकला, पेनड्राइव्हवरच्या प्रतीशीही जुळला. मग तिनं पानावर लिहिलं: हा मागोवा दुव्याच्या अप्रसिद्ध आवृत्तीवर उभा आहे. ती जयवंत डोंगरदिवे यांची. नोंद अमुक. आधी ती अशी बांधा, मग मागोवा. आज्ञा एक नाही, चार आहेत.

हसीनानं चारही दिल्या. कोऱ्या यंत्रावर मागोवा उभा राहिला, आणि रविवारीच तिनं तो मागण्यांच्या वाटेला जोडला.

सोमवारी अकराला समितीसमोर वाट दिसली. पहिलं दार, दुसरं, तिसरं — आणि पुढे काही नाही. गर्दी झाली की तिसरं दार मागण्या एका जुन्या यंत्राकडे वळवत होतं. सुरुवातीच्या चाचणीसाठी आणलेलं यंत्र, यादीतून त्याचा पत्ता खोडायचा राहिलेला. ते कपाटात होतं, बंद. तिसरं दार थोडी वाट बघायचं आणि मुकाट्यानं सोडून द्यायचं. रविवारपासून तेवढ्यातच सतरा मागण्या कपाटाकडे गेल्या होत्या.

पत्ता खोडला. व्यवस्था चालू राहिली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एका गावाला पिशवी हवी होती, सगळे त्या कामाला लागले.

सुहृदानं त्या तिघांना माफीचं पत्र लिहिलं. एकाचं उत्तर आलं: ठीक आहे, मी आता दुसरं वापरतो.

मंडळी, उसनं घेऊ नका असं मी म्हणत नाही. अपुऱ्यावर बांधू नका असंही नाही. पुरं होईपर्यंत थांबलो तर कोणाचंच काही उभं राहणार नाही. पण घरी जा आणि बघा. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा एकट्या सुनेच्या डोक्यात आहेत ना? ती चार दिवस माहेरी गेली तर? तुम्ही म्हणाल, आमच्याकडे चालतंय. चालतंयच. कोठार भरलेलं आहे तोवर.

शिंत्रेकाका? नाही आला.

तर लेबल लावतो. हे आख्यान अच्युतबुवांच्या अपुऱ्या अभंगावर उभं आहे. चरण दोन, तिसरा येणे बाकी. येईल असं धरून मी उभा राहिलो, ही माझी चूक, त्यांची नाही.

धरा भैरवी. दोनच चरणांची. तिसऱ्याच्या जागी नुसता सूर धरून ठेवा — जागा रिकामी आहे, हे मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाऊ दे.